यकृताचे वण आणि रोजची गोळी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे दीर्घकालीन हिपॅटायटिसविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीनुसार दिलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे, कारण उरलेल्या पत्रांतील बऱ्याच शंकांचे मूळ त्याच प्रश्नात आहे.

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी चवथीच्या आधी गावात रक्तदान शिबिर झाले, तेव्हा त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचे कळले आणि पुढच्या तपासण्यांत सिरॉसिस (वणांनी यकृत कठीण होणे) झाल्याचे निष्पन्न झाले. तेव्हापासून टेनोफोविरची एक गोळी रोज चालू आहे. फायब्रोस्कॅनचा, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा २१.४ होता, तो आता ११.२ वर आला आहे आणि रक्तात विषाणू सापडत नाही. माझे दीर म्हणतात की सिरॉसिस झालेले यकृत कधीच सुधारत नाही, तेव्हा यंत्राचा आकडा फसवा असावा. यजमान म्हणतात की आकडा खरा आहे, म्हणजे आजार गेला, आता गोळी बंद करायला हरकत नाही. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे? (डिचोली)

उत्तर : ताई, तुमच्या दिरांचे म्हणणे काही दशकांपूर्वी वैद्यकाच्या वर्गातही असेच शिकवले जात होते, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. यकृतात एकदा वण पडून ते कठीण झाले की ते तसेच राहते, ही समजूत तेव्हा सार्वत्रिक होती आणि त्या काळी तिला आधारही होता, कारण इजा करणारे मूळ कारण थांबवणारे औषधच हाताशी नव्हते. जखम रोज नव्याने होत असेल तर ती भरून येते की नाही हे कळणार तरी कसे?

वण कसा तयार होतो हे आधी पाहू. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशींत शिरून वाढतो, पण त्या पेशींचा नाश मुख्यतः तो स्वतः करत नाही. विषाणूला हुसकावण्याच्या प्रयत्नात आपल्याच शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या बाधित पेशींवर हल्ला करते आणि तेथे दाह होतो. यकृतात ताराकृती पेशी नावाच्या काही पेशी असतात. एरवी त्या ‘अ’ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ बसलेल्या असतात, परंतु आजूबाजूला दाह पेटला की त्या जाग्या होतात, रूप बदलतात आणि कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे धागे विणू लागतात. जखम सांधण्याचीच ही क्रिया आहे. दाह आठ-पंधरा दिवसांत शमला तर धागे विरघळून जातात. तो वीस-तीस वर्षे धुमसत राहिला तर धाग्यांचे पट्टे होतात, पट्ट्यांना पट्टे जोडले जातात आणि मधल्या निरोगी पेशींच्या गाठी बनतात. या शेवटच्या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की हे धागे मोडणारी विकरेही (एन्झाइम्स) यकृतातच असतात. दाह चालू असताना ती दडपलेली राहतात. दाह थांबला की जाग्या झालेल्या ताराकृती पेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा निद्रिस्त होतात, नवे धागे विणले जाणे थांबते आणि मोडणाऱ्या विकरांना वाव मिळतो. आपल्याकडच्या खाजन शेतीचे उदाहरण घ्या. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की जमीन नापीक होते. बांध दुरुस्त केला म्हणून दुसऱ्याच दिवशी भात उगवत नाही, पण बांध शाबूत राहिला तर पावसाळ्यामागून पावसाळा मीठ धुवून नेतो आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, ते पाणी बाहेर काढता येते. मात्र जेथे वर्षानुवर्षे खारे पाणी राहून खारफुटीने मुळे धरली, तेथली जमीन सहजासहजी परत मिळत नाही. यकृतातील कोवळे, पातळ पट्टे विरघळतात. जुने, जाड आणि एकमेकांत घट्ट गुंफलेले पट्टे फार सावकाश विरतात, आणि काही कधीच विरत नाहीत.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. टेनोफोविर घेणाऱ्या हिपॅटायटिस बीच्या रुग्णांचा जो मोठा अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात ३४८ रुग्णांच्या यकृताचा तुकडा उपचाराच्या आरंभी आणि पुन्हा पाच वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला होता. त्यांच्यापैकी ५१ टक्के रुग्णांचे वण कमी झालेले आढळले. आरंभी सिरॉसिस असलेले ९६ जण होते. पाच वर्षांनंतर त्यांतील ७१ जणांच्या यकृतात सिरॉसिसच्या व्याख्येत बसेल अशी रचना उरलेली नव्हती. येथे फायब्रोस्कॅनचा नव्हे, प्रत्यक्ष तुकड्याचा पुरावा आहे, म्हणून तुमच्या दिरांच्या शंकेला हेच खरे उत्तर होय. एन्टेकाविर या दुसऱ्या औषधाबाबतही, रुग्णसंख्या बरीच लहान असली तरी, सुमारे सहा वर्षांनी घेतलेल्या तुकड्यांत असेच चित्र दिसले आहे.

त्या ९६ जणांतील उरलेल्या २५ जणांचे काय, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. विषाणू त्यांच्याही रक्तातून दिसेनासा झाला होता, तरी वण राहिले. ज्यांचे वजन उंचीच्या मानाने अधिक होते, त्यांच्यात सिरॉसिस टिकून राहण्याचे प्रमाण जास्त आढळले. याचा सरळ अर्थ असा की विषाणू शांत झाल्यावरही स्थूलपणा, मधुमेह आणि यकृतावरची चरबी हा दुसरा दाह चालू ठेवू शकतात, आणि ताराकृती पेशींना दाह कशाने झाला याच्याशी देणेघेणे नसते. यजमानांचे वजन आणि रक्तातील साखर तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी या दोन्हींविषयी अवश्य बोला.

आता यजमानांविषयी. त्यांचा आनंद रास्त आहे, निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे. टेनोफोविर विषाणूला वाढू देत नाही, पण त्याचा समूळ नाशही करत नाही. यकृताच्या पेशींच्या केंद्रकात या विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा एक अतिशय टिकाऊ साठा दडून राहतो आणि आजच्या गोळ्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. गोळी थांबली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विषाणू त्या साठ्यातून पुन्हा वर येऊ शकतो, प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर एकदम तुटून पडते आणि असा उद्रेक होतो की ज्याचे यकृत आधीच वणांनी दुबळे झालेले आहे त्याला तो सोसवेलच असे नाही. तीन-चार वर्षे अगदी छान असलेला, स्वतःच्या मनाने औषध सोडलेला आणि मग गडद कावीळ व पोटात पाणी घेऊन आलेला रुग्ण मी पाहिला आहे, म्हणून हे इतके कळकळीने लिहितो. ज्याला एकदा सिरॉसिस झाले त्याने ही गोळी सर्वसाधारणपणे आयुष्यभर घ्यायची असते. आकडा ११.२ वर आला हे गोळी काम करत असल्याचे लक्षण आहे. गोळीचे काम संपल्याचे ते लक्षण नव्हे.

आणखी एक तपासणी थांबवायची नाही. वण उतरले तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका, जरी बराच कमी होत असला, तरी शून्य होत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि डॉक्टर सांगतील तर अल्फाफीटोप्रोटीनची रक्ततपासणी, पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावी. टेनोफोविर बराच काळ घेणाऱ्यांनी मूत्रपिंडाची तपासणीही वेळोवेळी करून घ्यायला हवी. त्यात बिघाड दिसला तर गोळी बदलण्याचा पर्याय डॉक्टरांकडे असतो.

प्रश्न : मला हिपॅटायटिस सी होता. बारा आठवड्यांच्या गोळ्या घेऊन पूर्ण बरा झालो असे डॉक्टरांनी सांगितले. उपचारापूर्वी फायब्रोस्कॅन १६ होते, उपचारानंतर सहा महिन्यांत ९.५ झाले. इतक्या वर्षांचे वण सहा महिन्यांत जातात का? शिवाय खासगी प्रयोगशाळेने अलीकडे माझी सीची तपासणी पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ दिली, त्यामुळे झोप उडाली आहे. (मडगाव)

उत्तर : आपल्या शंकेत खरी समज आहे. नाही, इतके वण सहा महिन्यांत जात नाहीत. फायब्रोस्कॅन हे यंत्र वण मोजत नाही. बरगड्यांमधून सोडलेला एक हलका हादरा यकृतातून किती वेगाने जातो ते पाहून ते यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये सांगते. यकृत वणांमुळे कडक होते, तसे ते सुजेमुळेही होते. विषाणू गेला की सूज आधी उतरते आणि आकडा भराभर खाली येतो. त्यापुढची घसरण, जी वर्षांमागून वर्षे थोडी थोडी होत राहते, तिच्यात खऱ्या अर्थाने वण विरण्याचा वाटा असतो. म्हणून पहिल्या वर्षातील घट पाहून ‘सिरॉसिस गेले’ असे कोणी म्हणाले तर त्यावर लगेच विसंबू नये. जेवणानंतर लगेच तपासणी केल्यासही आकडा वाढून येतो. किमान तीन तास काही न खाता जावे आणि शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी तपासून घ्यावे, म्हणजे तुलना नीट करता येते.

हिपॅटायटिस सीच्या बाबतीत एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. या विषाणूचा पेशीत दडलेला कायमचा साठा नसतो, त्यामुळे तो खरोखर नाहीसा करता येतो. १९८९ मध्ये ओळख पटलेल्या या विषाणूवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने द्यावी लागत, ती सोसणे कठीण असे आणि बऱ्याच रुग्णांना गुणही येत नसे. तरीही त्या काळातील चार चाचण्यांतील ३,०१० रुग्णांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात आरंभी सिरॉसिस असलेल्या १५३ जणांपैकी सुमारे निम्म्यांचे सिरॉसिस मागे हटलेले दिसले होते. आजच्या गोळ्यांनी शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण विषाणूमुक्त होतात, तेव्हा वण भरून येण्याची संधीही तितक्याच अधिक लोकांना मिळते.

‘पॉझिटिव्ह’ अहवालाचे भय मनातून काढा. प्रयोगशाळेने बहुधा प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीची, तपासणी केली असावी. विषाणू गेल्यावरही प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे, अनेकांत आयुष्यभर, राहतात. ती केवळ जुन्या संसर्गाची खूण असते. आजार परत आला आहे का हे फक्त विषाणूच्या आरएनएच्या, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याच्या, तपासणीवरून कळते. ती एकदा करून घ्या. मात्र एकदा बरे झाल्याने पुढे संरक्षण मिळत नाही. दूषित सुईतून हा संसर्ग पुन्हा होऊ शकतो, मग ती सुई इंजेक्शनची असो वा किनाऱ्यावरच्या गोंदणवाल्याची. १६ हा आपला आरंभीचा आकडा सिरॉसिसच्या टप्प्यातला धरला जातो, म्हणून सहामाही सोनोग्राफी आपणही सोडू नये.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन करून यकृत मऊ आहे, आत्ता औषध नको, वर्षाने या, असे सांगितले. औषधाने वण भरतात तर पडण्याआधीच औषध का देत नाहीत? माझा भाऊ पंचेचाळिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन वारला, त्यामुळे मला धीर धरवत नाही. (पेडणे)

उत्तर : आई म्हणून तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ते तुम्ही डॉक्टरांना सांगितले होते का?

पहिल्या भागाचे उत्तर असे की हिपॅटायटिस बी असलेल्या प्रत्येकाच्या यकृतात दाह नसतो. विषाणू असूनही शरीर त्याच्याशी झुंजत नसेल, तर वणही पडत नाहीत आणि गोळी भरून काढील असे काही तेथे नसते. उलट एकदा चालू केलेली गोळी मधेच सोडणे धोक्याचे, हे वर आलेच आहे. म्हणून थांबून लक्ष ठेवण्याचा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये आपल्या सूचना बदलल्या आणि उपचाराचे दार पूर्वीपेक्षा अधिक उघडे केले. फायब्रोस्कॅन सातच्या वर असेल, किंवा विषाणूची संख्या दोन हजारांच्या वर असून एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) वाढलेले असेल, तर औषध सुचवले जाते. पुरुषांत एएलटीची मर्यादा ३० आणि स्त्रियांत १९ धरायची आहे, जी प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेल्या मर्यादेपेक्षा बरीच खाली असते. याखेरीज कुटुंबात यकृताचा कर्करोग किंवा सिरॉसिस झालेले असणे हेही औषध सुरू करण्याच्या विचारात घेतले जाते. म्हणजे तुमच्या भावाची हकिगत सांगितल्यावर डॉक्टरांचा सल्ला बदलू शकतो. भावाचे जुने कागद घरात असतील तर सोबत न्या.

आणि ताई, एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगणे माझे कर्तव्य आहे. हा विषाणू आपल्या देशात बऱ्याचदा जन्माच्या वेळी आईकडून बाळाला मिळतो. तुमच्या भावाला यकृताचा आजार होता आणि तुमच्या मुलाला हा संसर्ग आहे. या दोघांच्या मधला दुवा तुम्ही असू शकता. यात कोणाचाही दोष नाही, तुमच्या आईच्या किंवा तुमच्या काळी या विषाणूवरची लस नव्हती. देशभरच्या लसीकरणात ती २०११ पासून आली. मुलाच्या फाइलबरोबर तुमचीही एचबीएसएजी, म्हणजे हा संसर्ग आहे का ते दाखवणारी, रक्ततपासणी आणि यकृताची तपासणी करून घ्या. पन्नाशीच्या आसपास, कसलाही त्रास नसताना, यकृतात वण आढळणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात, आणि गोळीचा सर्वाधिक लाभ याच टप्प्यावर होतो. घरातील इतरांनीही तपासून घ्यावे. ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लस घ्यावी. एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही, मुलाचे ताट-पेला वेगळे ठेवू नका. दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश मात्र त्याचा त्यालाच असावा.

प्रश्न : सिरॉसिसवर टेनोफोविर चालू आहे. गावात कावीळ उतरवणारे एक वैद्य आहेत, त्यांचे पाळामुळांचे औषधही सोबत घेतले तर वण लवकर भरतील का? काजूच्या हंगामात थोडी हुर्राक चालेल का? (वाळपई)

उत्तर : दोन्हींना माझे उत्तर नकारार्थी आहे. कावीळ उतरवणाऱ्यांची ख्याती बहुतांशी हिपॅटायटिस ए या आजारावर उभी आहे, आणि तो आजार बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआपच बरा होतो. दीर्घकालीन हिपॅटायटिस बी हा निराळा आजार आहे. वनस्पतींचे औषध निरुपद्रवीच असते असेही नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला तीव्र दाह झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. गोळीने मिटवलेला दाह दुसऱ्या हाताने पेटवू नये. दारूचेही तेच. ती हुर्राक आहे, फेणी आहे की बीअर, याने काही फरक पडत नाही. ताराकृती पेशींना जागे करणारे दारू हे स्वतंत्र कारण आहे, आणि सिरॉसिस झालेल्याने घ्यायची सुरक्षित मात्रा शून्य आहे. घरच्यांनी आग्रह करू नये म्हणून हे उत्तर त्यांना वाचून दाखवावे.

प्रश्न : माझे पती जहाजावर नोकरीला असतात, एका वेळी आठ-नऊ महिने बाहेर. हिपॅटायटिस बीची गोळी मागच्या खेपेस तिसऱ्या महिन्यात संपली आणि दीड महिना खंड पडला. आता परत जायचे आहे. एवढ्याने वण पुन्हा वाढतात का? (कुंकळ्ळी)

उत्तर : दीड महिन्यात वण मोजण्याइतके वाढत नाहीत, पण विषाणू परत वर येऊन दाह सुरू होऊ शकतो, आणि समुद्रात असताना असा उद्रेक झाला तर जवळ इस्पितळ नसते. म्हणून निघण्यापूर्वी विषाणूची संख्या, एएलटी आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. औषध पूर्ण मुदतीचे आणि वर दोन महिन्यांचे जादा बरोबर न्यावे. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली, जो २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, बी आणि सी या दोन्हींवरची औषधे मोफत दिली जातात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्याची चौकशी करा, आणि एका वेळी इतक्या महिन्यांचा साठा तेथून मिळण्यासारखा नसेल तर उरलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकत घेऊन ठेवा. गोळ्या दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवाव्यात, म्हणजे एक सामान हरवले तरी खंड पडणार नाही. चिठ्ठीवर औषधाचे कंपनीने दिलेले नाव न लिहिता मूळ नाव लिहून घ्यावे, कारण परदेशी बंदरातल्या औषधविक्रेत्याला ‘टेनोफोविर’ हा शब्द कळेल, इथले व्यापारी नाव कळणार नाही. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. खंड पडलाच आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली, अन्नावरची वासना गेली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढच्या बंदराची वाट न पाहता जहाजावरील वैद्यकीय जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगावे.